नवले पुलापासून वारज्यापर्यंत

'मावशी, मी ४६ वर्षांची आहे. पुण्यात धायरीला राहते, बसने हिंजवडीला नोकरीला जाते. सासऱ्यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. त्यांना सांभाळायला ब्युरोचे मामा सकाळी साडेसातला येतात आणि संध्याकाळी साडेसातला जातात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं माझ्याकडे. रात्री दोनदा बाबांना बाथरूमला न्यावं लागतं. मुलगा अकरावीत आहे. नवरा चांगला आहे, सांगितलं की मदत करतो. दोन वर्षांत तीनदा योगवर्ग लावला आणि तीनदा सोडला. यंदा पहाटे साडेपाचची बॅच होती, १९ दिवस टिकले. ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, तर डोळे मिटल्यावर उलट जास्तच घालमेल होते. बीपीची गोळी चालू आहे, म्हणून व्हिडिओ बघून रोज दीडशे कपालभाती करते, तेवढंच. गेल्या गुरुवारी सकाळी बाबांच्या हातून चहा सांडला आणि मी त्यांच्यावर इतकी ओरडले की मुलगा खोलीतून धावत बाहेर आला. बाबा काही बोलले नाहीत, चेहरा घट्ट करून नुसते बघत राहिले. सगळे म्हणतात, स्वतःसाठी वेळ काढ, योगा कर. मला तेही जमत नाही. माझं काय चुकतंय?'
– एक वाचक, धायरी

पत्रात तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा अगं-तुगं करूनच लिहिते. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'तेवढंच' या शब्दापाशी अडले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. कपालभाती आजपासून बंद कर. रक्तदाब असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, हर्नियाचा त्रास असलेल्यांनी ती करायची नसते. पोटाला जोराने हिसके देत श्वास बाहेर फेकायची ती क्रिया आहे आणि व्हिडिओतल्या माणसाला तुझं बीपी ठाऊक नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. पुढेमागे कुणी योगशिक्षकाने 'हळूहळू गोळ्या सोडा' असं सांगितलं, तर त्याचा वर्ग सोड.

आता झोपेचं. ते तू लिहिलं नाहीस, पण हिशोब मांडता येतो. साडेअकराच्या आधी तुझी पाठ टेकत नसणार. मध्ये दोनदा उठायचं आणि साडेपाचच्या बॅचसाठी पावणेपाचचा गजर. म्हणजे जेमतेम साडेचार तास, तेही तुकड्यातुकड्यांनी. मी २८ वर्षं योग शिकवते, सकाळच्या बॅचही घेते आणि तरीही तुला सांगते, तो वर्ग सोडलास ते बरोबर केलंस. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला कुठे आणि कसं बसावं हे सांगितलंय, आणि तिथेच असंही सांगितलंय की फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही साधत नाही. हे दुसरं आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही, कारण पहाटे उठण्याचं कौतुक फार. तुझ्या घरात ज्या दिवशी रात्रीची पाळी दुसरं कुणी घेईल, त्या दिवशी पहाटेच्या वर्गाचा विचार कर. तोवर पावणेपाचला झोपून राहणं हीच तुझी साधना.

वर्ग सोडला याचा तू इतका बोल लावून घेतलास त्याचं कारण मला दिसतं ते असं. डबा, गोळ्या, मुलाची फी, गॅसचं बुकिंग या यादीत तू योग नावाचं आणखी एक काम घातलंस आणि तेही झालं नाही म्हणून रात्री स्वतःला दोष दिलास. शिवाय तुझ्या मनात योग म्हणजे चटईवर तासभर आणि पोटऱ्या ताणून अंगठे धरणं. पतंजलींच्या योगसूत्रांत जवळजवळ २०० सूत्रं आहेत आणि त्यांतली आसनांवरची फक्त तीन. बाकीची बरीचशी मनावर आहेत: ते विस्कटतं कसं, आणि विस्कटलेलं सावरायचं कसं. पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, मन विखुरलं की सोबत काय काय येतं ते नोंदवलंय: दुःख, उदासी, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. तुझा श्वास गुरुवारी सकाळी कसा चालला होता, आठवतंय का? मला वाटतं, चहा सांडायच्या आधीच तो वर छातीत अडकलेला असणार.

म्हणून श्वासापासून सुरू कर, पण घरी नको. घरी कुणी ना कुणी हाक मारणारच. तुला बसमध्ये जागा मिळत असेल, कारण धायरी फाट्याचे लोक सुरुवातीलाच चढतात. बस नवले पुलाला लागली की मोबाइल पर्समध्ये टाक. वारजे येईपर्यंत, म्हणजे गर्दीप्रमाणे सात-आठ मिनिटं किंवा अडकलात तर पंधरा, एवढंच करायचं: नाकाने श्वास आत घेताना मनात तीन मोजायचे, सोडताना पाच किंवा सहा. ओढूनताणून नाही, रोखून धरायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत. चक्कर आल्यासारखं वाटलं तर आकडे सोडून दे आणि साधा श्वास चालू दे. सोडण्यावर भर का, तर श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित उतरते. ही शरीराची आपली व्यवस्था आहे. सोडणं लांबवलं की शरीराला शांत करणारी नस, जिला डॉक्टर व्हेगस म्हणतात, तिला काम करायला वेळ मिळतो. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, असं मोजत घेतले की सात-आठवर येतात. वारज्याला मोबाइल काढायचा असेल तर खुशाल काढ. हद्द ठरलेली असली की मन कुरकुर करत नाही. आणि एखाद्या दिवशी झोप लागली तर लागू दे.

आता ती घालमेल. घरात मिक्सर चालू असतो तोवर फ्रिजची घरघर ऐकू येत नाही, मिक्सर बंद झाला की येते. तुझं तेच होतंय. दिवसभर कामाच्या आवाजाखाली जे दबलेलं असतं, ते डोळे मिटले की वर येतं. ध्यान जमत नाही याची ती खूण मुळीच नव्हे. पण इतक्या थकव्यात त्या घरघरीसमोर एकटीने बसायची आज गरजही नाही. डोळे उघडे ठेवून करता येतं ते कर. तुझं अ‍ॅप त्याला माइंडफुलनेस म्हणतं. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे, भान. 'भानावर ये' असं आपली आई म्हणायची, ते हेच. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यान आणि हठयोग यांतून काही आठवड्यांचा एक कार्यक्रम बांधला. तिथे येणारे बरेच जण असे होते की ज्यांचं दुखणं औषधांनी पुरतं जात नव्हतं. ते घालवायचं आश्वासन त्यांना कुणी दिलं नाही, त्या दुखण्याकडे नीट बघायला शिकवलं. मला हे तुझ्याशी जवळचं वाटतं, कारण बाबांचा आजारही जाणारा नाही.

बघायचं म्हणजे काय, ते गुरुवारच्या चहावर सांगते. पुढचे चार-पाच दिवस बाबांच्या सकाळकडे नुसतं लक्ष ठेव. ते किती वाजता उठतात, पहिली गोळी किती वाजता घेतात, कप कधी हातात देतेस, त्या वेळी हात कसे असतात. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिही. पार्किन्सन्सची गोळी लागू पडायला बऱ्याच जणांना अर्धा-पाऊण तास लागतो. त्याआधी हात सगळ्यांत कडक असतात आणि नेमक्या त्याच वेळी तुझी बसची घाई असते. मला वाटतं, चहा तिथे सांडतोय. तसं निघालं तर गोळी आधी आणि चहा नंतर मामांच्या हातून, किंवा जड बुडाचा, दोन कानांचा मग आणि तोही अर्धाच भरलेला. गोळ्यांच्या वेळा मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच हलवायच्या, आणि तुझी पेन्सिलची टिपणं त्यांना दाखव, त्यांना ती उपयोगी पडतील.

आणि बाबांचा चेहरा. 'चेहरा घट्ट करून नुसते बघत राहिले', असं तू लिहिलंस. अगं, ते रागावून तसे बघत नव्हते. या आजारात चेहऱ्याचे स्नायूच आखडतात, हसू आणि ओशाळलेपण दोन्ही आत राहतं आणि बाहेरच्याला वाटतं माणूस घुम्यासारखा बसलाय. सहा वर्षं तू त्या चेहऱ्यात नाराजी वाचत आली असशील तर तुझ्या मनावर केवढं ओझं झालं असेल! आज घरी गेल्यावर त्यांच्या शेजारी बस, हातावर हात ठेव आणि 'बाबा, त्या दिवशी मी ओरडले, चुकलं माझं', एवढं म्हण. स्पष्टीकरण देऊ नकोस. चेहरा हलणार नाही कदाचित. हाताकडे लक्ष दे.

ओरडण्याचं मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या आईची शेवटची दोन वर्षं माझ्याकडे गेली. संध्याकाळी वर्गात मी वीस माणसांना शवासनात 'कपाळ सैल सोडा' सांगायची आणि घरी येऊन आईवर खेकसायची. एका रविवारी तिची नखं कापत होते आणि फोन खांदा-कानात धरून कुणाशी तरी बॅचच्या वेळा ठरवत होते. करंगळीला नेलकटर खोल लागलं. तिने हात मागे घेतला नाही, तोंडाने काही म्हणालीही नाही, फक्त पायाची बोटं आखडून घेतली. मला ती बोटं दिसली तेव्हा कळलं की तिला लागलंय. त्यानंतर नखं कापताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. म्हातारपणाची नखं जाड असतात, आधी कोमट पाण्यात बोटं भिजवावी लागतात, मग एकेक बोट धरून कडेकडेने जावं लागतं. वीस नखांना अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात घाई करताच यायची नाही, आणि आठवड्यात तेवढाच वेळ माझे खांदे खाली उतरलेले असायचे. इतकी वर्षं धारणा, म्हणजे मन एका जागी टिकवणं, हा शब्द फळ्यावर लिहीत होते, ती मला त्या करंगळीने शिकवली.

ओरडण्याच्या आधी शरीर सांगत असतं. माझे दात आवळले जायचे. तुझे कदाचित खांदे वर चढत असतील, किंवा जीभ टाळ्याला चिकटत असेल. तुझी खूण कोणती, ते या आठवड्यात शोध. सापडली की त्या क्षणी एकच कर, हातात जे असेल ते खाली ठेव. वाटी असो, टॉवेल असो, खाली ठेव आणि एक श्वास लांब सोड. दहा वेळांतल्या चार वेळा साधलं तरी घरातल्यांना फरक कळेल.

रात्रीसाठी एक आसन देते, त्याला कपडे बदलायचीही गरज नाही. बाबा झोपले की सतरंजी टाक, जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुढ्यात घे, उताणी झोप आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेव. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, डोळ्यांवर ओढणी. सात ते दहा मिनिटं. कंबर जमिनीला टेकते, दिवसभर बसच्या सीटवर आणि ऑफिसच्या खुर्चीत आखडलेल्या मांड्या सैल होतात. खुर्ची कशाला, असा प्रश्न पुण्याच्या बाईला पडू नये. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली सहा महिन्यांसाठी म्हणून डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत पुण्याचेच राहिले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी पोखरलेला तो मुलगा होता. दुबळ्या शरीराला काय झेपत नाही, हे त्यांना आतून माहीत होतं. खुर्ची, पट्टा, घोंगडी, लोड, दोर अशा साध्या वस्तूंचा आधार त्यांनी आसनांना दिला आणि मॉडेल कॉलनीत १९७५ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेतून ही पद्धत जगभर गेली. आधार घेऊन केलेलं आसन कमअस्सल नसतं. हे मी तुला आसनापुरतंच सांगत नाहीये.

कारण आता मला तुझ्या नवऱ्याबद्दल बोलायचंय. 'सांगितलं की मदत करतो', हे तू त्याच्या बाजूने लिहिलंस. त्याचा अर्थ असा की कुठलं काम कधी करायचं, हे लक्षात ठेवण्याचं काम तुझंच आहे, आणि सगळ्यांत जास्त दमवतं ते हेच. वडील त्याचे आहेत. तू श्वास मोजून अधिक सोसायला शिकावंस आणि घर आहे तसंच चालू राहावं, यासाठी मी हा योग सांगत नाही. तसं झालं तर मला फार वाईट वाटेल. शनिवारी सकाळी, बाबांचा नाश्ता झाल्यावर, त्याला समोर बसवून सांग: 'सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री बाबांना उठवायची पाळी तुझी. त्या रात्री मी मुलाच्या खोलीत झोपणार.' मदत कर असं म्हणू नकोस, पाळी वाटून घे. पहिल्या आठवड्यात तो झोपून राहील, बाबा हाक मारतील आणि तुला जाग येईल. उठू नकोस. त्याला हलवून जागं कर आणि पुन्हा कूस बदल. नणंद किंवा दीर असतील तर वर्षातले पंधरा-पंधरा दिवस त्यांच्याकडे मागायलाही हरकत नाही. ते जमत नसेल तर महिन्यातून चार रात्री ब्युरोचा माणूस ठेवायचे पैसे त्यांनी द्यावेत. हे बोलताना घसा कोरडा पडेल. नवले पुलावरचा श्वास तेव्हा वापर.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णांबरोबर घरचेही येतात, एकमेकांना अडचणी विचारतात. तुझ्याआधी नवऱ्याला पाठव. वडिलांच्या आजाराबद्दल तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं त्याच्या जास्त कामाला येईल.

तुझ्यासाठी डॉक्टरांची एक खेपही मागते. चाळिशी उलटल्यावर पाळीच्या बदलांमुळेही झोप तुटते, अंग घामेजतं, चिडचिड होते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घे आणि बीपीच्या डॉक्टरांना रात्रीच्या झोपेचं खरं सांग. दोन आठवडे सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल किंवा 'मीच नसले तर बरं' असं एकदा जरी मनात आलं, तर आसनांवर विसंबू नकोस. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, नाहीतर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन कर. तो २४ तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटचं तुझ्या मुलाबद्दल. तो धावत बाहेर आला, हे मला पत्रात सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. तुला वाटलं त्याने आईला ओरडताना पाहिलं. मला वाटतं, आजोबांना काय झालं म्हणून तो आला. अकरावीतला मुलगा एव्हाना स्वतःची दाढी करू लागला असेल. बाबांची रविवारची दाढी त्याच्याकडे दे. गोळी लागू पडल्यावर, खिडकीजवळ खुर्ची घेऊन, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून. हात बसेपर्यंत ट्रिमर वापरू दे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांग आणि तुरटी जवळ असू दे. पहिल्या रविवारी तू त्यांच्या डोक्याशी उभी राहू नकोस. दुसऱ्या खोलीत जा, सतरंजी टाक, पाय खुर्चीवर ठेव आणि दार लोटून घे.